पार्किंगमधला पॉइंट

ऐरोलीच्या त्या सोसायटीत नंदकिशोर केळुसकर आणि रावसाहेब काटकर एकाच मजल्यावर, समोरासमोर राहत. बिल्डिंग नवी होती तेव्हा दोघांनी एकाच आठवड्यात चाव्या घेतल्या होत्या. नंदकिशोर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, विमा कंपनीत नोकरीला. रावसाहेब फलटणकडचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर. एका घरात बांगड्याचं तिखलं, दुसऱ्यात भाकरी आणि खर्डा, आणि दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी. वैजयंतीला, म्हणजे नंदकिशोरांच्या बायकोला, मीठ संपलं तर ती कांदा चिरता चिरता समोरच्या घरात जायची आणि जयमालावहिनींच्या ओट्यावरची बरणी उचलून आणायची. विचारायची पद्धतच नव्हती.

नंदकिशोर निवृत्त झाले आणि त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. आयुष्यभर बसने आणि कंपनीच्या गाडीने फिरले होते. आता मनात येईल तेव्हा गावाला जायचं, वाटेत हवं तिथे थांबायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. पेट्रोलची गाडी आता कोण घेतो, असं ते सगळ्यांना सांगत. शोरूममध्ये चारही जण गेले. जयमालावहिनींनी गाडीला ओवाळलं, रावसाहेबांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. येताना रावसाहेब पुढे बसले होते. खाडीपुलावरून मुलुंडपर्यंत जाऊन गाडी वळवून आणली तेव्हा ते हसत म्हणाले, "नंदू, ही चालू आहे का बंद, तेच कळत नाही रे." नंदकिशोरांना वाटलं, आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस असेल.

रावसाहेब तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते. आपल्या पार्किंगच्या जागेत चार्जिंगचा पॉइंट बसवायला परवानगी मिळावी, असा अर्ज नंदकिशोरांनी त्यांच्याच हातात दिला. अर्ज म्हणजे नुसता उपचार, असंच त्यांना वाटत होतं. रावसाहेबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी नंदकिशोरांनीच विषय काढला.

रावसाहेब म्हणाले, पार्किंग बिल्डिंगच्या पोटात आहे. वर पहिल्या मजल्याची बिऱ्हाडं आहेत, भिंतीला लागून गॅसचा पाइप गेला आहे, वायरिंग जुनं आहे. बॅटरीची आग एकदा लागली की पाण्याने विझत नाही. अग्निशमनवाल्यांना बोलावून नीट तपासणी करून घेऊ, उघड्यावर गेटजवळ जागा मिळते का बघू, वर्ष-सहा महिने लागतील. तोवर बाहेर चार्ज कर.

"पण कंपनीचा माणूस येऊन बघून गेलाय," नंदकिशोर म्हणाले.

"त्याला गाड्या खपवायच्या आहेत. माझ्या सहीने हे होणार नाही, नंदू."

नंदकिशोरांनी तेव्हा वाद घातला नाही. चार्जर बाहेर मिळतातच की, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

ते मिळतात, पण कसे मिळतात ते त्यांना पुढच्या काही महिन्यांत कळलं. मोबाइलवर चार्जर रिकामा दिसे आणि जाऊन बघावं तर त्याच्यापुढे कोणाची तरी डिझेलची गाडी लावून ठेवलेली. कधी मशीन बंद, कधी मशीन चालू पण अॅप बंद. कधी पैसे कापले जात आणि चार्जिंग सुरूच होत नसे. मग कुठल्यातरी नंबरवर फोन लावून संगीत ऐकत बसायचं. वाशीच्या मॉलमध्ये टॅक्सीवाल्यांची रांग. त्यांचा धंदा, त्यांना घाई. म्हाताऱ्या माणसाने मध्ये घुसावं तरी कसं. नंदकिशोर गाडीत पेपर वाचत बसत. मे महिन्यात चार्ज वाचवायला ते एसी बंद ठेवू लागले. वैजयंती पदराने घाम पुसत म्हणायची, यापेक्षा बस बरी होती.

वैजयंतीच्या भाचीचं लग्न कणकवलीला होतं. मोठ्या हौसेने ते आदल्या दिवशी निघाले. माणगावच्या पुढे ज्या चार्जरच्या भरवशावर ते होते तो बंद निघाला. पुढचा चार्जर गाठता येईल की नाही याचा हिशेब करता करता गाडीने पिवळा दिवा दाखवला. शेवटी एका हॉटेलवाल्याने घरगुती प्लगवर गाडी लावू दिली. तिथे रात्र गेली, सकाळ गेली, आणि बॅटरी पुरेशी भरली तेव्हा कणकवलीत अक्षता पडून गेल्या होत्या. वैजयंती शालू नेसून हॉटेलच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. परत येताना सगळ्या वाटेवर खिडकीबाहेर बघत राहिली.

गाडीचा राग गाडीवर काढता येत नाही. स्वतःच्या निवडीचा राग माणूस स्वतःवर काढत नाही. घरी आल्यावर समोरचं दार दिसलं आणि नंदकिशोरांना वाटलं, हा माणूस एक सही करत नाही म्हणून हे सगळं होतंय. त्या दिवसापासून ते तसंच म्हणू लागले, आधी वैजयंतीजवळ, मग खाली बाकावर, मग सगळीकडे. त्यांनी निबंधकांच्या कार्यालयात तक्रार केली. रावसाहेबांना ते सोसायटीच्या पत्रातून कळलं. त्यांनी दार वाजवून विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर काटकरांचं दार लोटलेलं दिसू लागलं.

मग सर्वसाधारण सभा आली. गच्चीवर मंडप घातला होता, वडे-चहा होता, जवळजवळ सगळी घरं आली होती. चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला. रावसाहेबांनी उभं राहून शांतपणे आपलं म्हणणं मांडलं, गेटजवळच्या उघड्या जागेचा नकाशाही आणला होता. लोक ऐकत होते, माना डोलवत होते. त्या माना बघून नंदकिशोरांचं डोकं फिरलं.

त्याआधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी. फॅक्टरीत असताना रावसाहेबांच्या हाताखाली कल्पेश नावाचा शिरवण्याचा एक तरुण ऑपरेटर होता. ड्रम ठेवायच्या शेडमध्ये आग लागली आणि तो आत अडकून मेला. त्याच आठवड्यात त्या शेडची तपासणी झाली होती आणि सगळं ठीक असल्याच्या कागदावर रावसाहेबांची सही होती. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. पण पुढे कितीतरी वर्षांनी, खाडीकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरताना, रावसाहेबांनी हे नंदकिशोरांना सांगितलं होतं आणि सांगता सांगता ते कठड्याला धरून रडले होते. कल्पेशची आई आपल्याला काही बोलली नाही, म्हणाले. बोलली असती तर बरं झालं असतं. जयमालावहिनींखेरीज हे फक्त नंदकिशोरांना माहीत होतं.

सभेत नंदकिशोर उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सहीची इतकी भीती होती, तर रावसाहेब, तेव्हा फॅक्टरीत का केलीत? ती केली नसतीत तर तो शिरवण्याचा मुलगा तरी वाचला असता."

बहुतेकांना कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. पण रावसाहेबांचा चेहरा सगळ्यांना दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच नंदकिशोर त्यांना 'रावसाहेब, तुम्ही' असं म्हणाले होते. रावसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. नकाशाची गुंडाळी केली. "मी सेक्रेटरीपद सोडतो," एवढंच म्हणाले आणि जिन्याने खाली गेले. जयमालावहिनी बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. उठताना त्यांनी नंदकिशोरांकडे एकदा बघितलं.

निबंधकांचं पत्र नंदकिशोरांच्या बाजूने आलं. नवीन कमिटीने परवानगी दिली. पार्किंगमध्ये खांबाला पांढरी पेटी बसली, केबल लटकली, आणि गाडी रोज भरून तयार असू लागली. आता रांगा नव्हत्या, अॅप नव्हतं. पण जायचं कुठे हा प्रश्न होता. पूर्वी रविवारी चौघं मिळून निघायची, कधी बेलापूरला, कधी पामबीचवरून नुसती चक्कर. आता वैजयंती म्हणायची, मला कंटाळा आलाय, तुम्ही जाऊन या. नंदकिशोर एकटेच गाडी काढत आणि कोपरखैरण्यापर्यंत जाऊन परत येत.

वैजयंतीने त्यांना परोपरीने सांगितलं. समोर जा, पाय धरा, चुकलं म्हणा, भाऊजी मनाचे मोठे आहेत. नंदकिशोर म्हणत, जाईन. गणपतीत जाईन म्हणाले, मग दिवाळीत फराळाचं ताट घेऊन जाईन म्हणाले. ताट वैजयंतीच घेऊन गेली. जयमालावहिनींनी ते घेतलं आणि आपलं भरून दिलं. दोघी दारातच थोडा वेळ हातात हात घेऊन उभ्या राहिल्या. रावसाहेब लिफ्टने येणं-जाणं टाळू लागले होते. लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून ते चार मजले जिन्याने चढायचे. दर मजल्यावर थांबून श्वास घ्यायचे. नंदकिशोरांना आतून ते ऐकू यायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नंदकिशोर बाल्कनीत चहा घेऊन उभे होते. खाली गेटपाशी जयमालावहिनी आणि रावसाहेब दिसले. रावसाहेब वॉचमनच्या खुर्चीत बसले होते, खांद्यावर टॉवेल होता, एक हात छातीवर होता. वॉचमन रस्त्यावर रिक्षा बघत होता. नंदकिशोरांना ते विचित्र वाटलं. इतक्या सकाळी टॉवेल घेऊन कुठे निघालेत? तब्येत बरी नाही का? त्यांनी कप कठड्यावर ठेवला. गाडी भरलेली होती, किल्ली दाराशी खुंटीला होती. तेवढ्यात जयमालावहिनींनी वर बघितलं. त्यांची आणि नंदकिशोरांची नजर भिडली की काय ते नंदकिशोरांना नक्की कळलं नाही. त्यांच्या मनात आलं, गरज असती तर दार वाजवलं असतं. बोलावतील तर जाऊ. आपण होऊन गेलो आणि त्यांनी सगळ्यांसमोर नको म्हटलं तर? ते एक पाऊल मागे सरले, पडद्याआड. पुन्हा बघितलं तेव्हा रिक्षा वळणावरून जात होती.

दुपारी वॉचमननेच वर येऊन सांगितलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत रावसाहेब बेशुद्ध झाले होते. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही.

वैजयंती तशीच, घरातल्या साडीवर हॉस्पिटलला धावली. नंदकिशोर तिच्या मागे गेले. तिथल्या कॉरिडॉरमध्ये जयमालावहिनी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर तो टॉवेल होता. वैजयंतीने त्यांना मिठी मारली. नंदकिशोर भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी त्यांना जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. संध्याकाळच्या विमानाने काटकरांचा मुलगा अभय हैदराबादहून आला. स्मशानात नंदकिशोरांनी खांदा दिला. चालताना ते अडखळले आणि कोणीतरी मागून म्हणालं, काकांना बाजूला घ्या.

दिवसपाणी झाल्यावर अभय आईला हैदराबादला न्यायला निघाला होता. जयमालावहिनी नको म्हणाल्या. फलटणला धाकटे दीर आहेत, घर मोठं आहे, मला तिथे जायचंय. अभयने टॅक्सी ठरवली आणि तो कामासाठी पुढे गेला. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी टॅक्सीवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि वैजयंतीजवळ निरोप दिला की नंदूभाऊजींना वेळ असला तर त्यांनीच सोडावं, तूही चल.

नंदकिशोर तो निरोप ऐकून खाली गेले आणि गाडी चार्जिंगला लावली.

सकाळी निघाले. जयमालावहिनी मागे वैजयंतीशेजारी बसल्या. एक सुटकेस, एक पिशवी आणि देवांचा छोटा डबा, एवढंच सामान. एक्स्प्रेसवेवर दोघी अधूनमधून हळू बोलत होत्या. नंदकिशोर आरशात बघायचं टाळत होते. घाट चढताना बॅटरीचा आकडा भराभर उतरला. फूडमॉलवरच्या चार्जरला कागद चिकटवला होता, बंद आहे. पुणं ओलांडलं, सासवड गेलं, आणि जेजुरीच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चालू चार्जर मिळाला. मशीन हळू होतं. नंदकिशोरांनी ओशाळून सांगितलं की इथे बराच वेळ लागेल.

"लागू दे," जयमालावहिनी म्हणाल्या.

हॉटेलच्या मागे कडुलिंबाच्या झाडाखाली बाक होता. वैजयंती चहा सांगायला आत गेली. चहाला एवढा वेळ लागत नाही, पण ती लवकर परत आली नाही. नंदकिशोर उभेच होते. वहिनींनी बाकावर हात ठेवून जागा दाखवली, तेव्हा ते टोकाला बसले.

"त्या दिवशी मी तुमच्या बेलवर बोट ठेवलं होतं, भाऊजी," जयमालावहिनी म्हणाल्या. "ह्यांनी मान हलवली. नको म्हणाले. मी हात मागे घेतला. तेव्हा त्यांचं ऐकायला नको होतं."

नंदकिशोर जमिनीकडे बघत होते.

"खाली आल्यावर मी वर बघितलं. तुम्ही दिसलात."

"हो," नंदकिशोर म्हणाले. "मी होतो. मी बघितलं होतं, वहिनी."

"मग तुम्ही आत गेलात. मला वाटलं, खाली येताय. रिक्षा आली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा थांब, आमच्या घरचे येताहेत."

हॉटेलच्या आवारात एक ट्रक मागे येत होता, क्लीनर ओरडून हात दाखवत होता. नंदकिशोरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खूप वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. जयमालावहिनींनी त्यांना थोपटलं नाही आणि दूषणही दिलं नाही. त्या रस्त्याकडे बघत बसल्या.

"ह्यांना वाटलं होतं, तुम्ही याल," काही वेळाने त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, नंदूचं पायताण शोधून होत नसेल अजून. एवढंच बोलले. मग रिक्षात बोलले नाहीत काही."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"घरात सांगितलं असतं तर पुढे मला तिथे राहता आलं नसतं. तुम्हालाही आलं नसतं." त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला. "आणि न सांगता गेले असते, तर ते माझ्या एकटीजवळ राहिलं असतं. मला ते एकटीला झेपत नाही, भाऊजी."

वैजयंती चहाचे ग्लास घेऊन आली. तिने दोघांकडे बघितलं आणि ग्लास पुढे केले. तिघांनी चहा घेतला. गाडी भरायला अजून वेळ होता, आणि जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती तिघं तशीच त्या बाकावर बसून राहिली. पुढे वैजयंती हळूहळू रडू लागली आणि जयमालावहिनींनीच तिला जवळ घेतलं.

फलटणला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. दिराचं घर गावाबाहेर उसाच्या कडेला होतं. माणसं बाहेर आली, बायका वहिनींना धरून आत घेऊन गेल्या, आतून रडण्याचा आवाज आला आणि थांबला. अंगणात दिराचा मुलगा सयाजी गाडीभोवती फिरू लागला. त्यालाही इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती. किती पळते, किती वेळात भरते, घाटात कशी चढते, असं तो विचारत होता. नंदकिशोर उत्तरं देत होते. मग त्याने विचारलं, "काका, घेऊ का? तुम्हाला काय वाटतं?"

नंदकिशोरांनी त्याच्याकडे बघितलं. त्याचं कपाळ आणि भुवया हुबेहूब चुलत्यासारख्या होत्या. काही सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण ते वळून नळाकडे गेले आणि पाय धुऊ लागले.

जेवल्याशिवाय जायचं नाही असं घरातल्यांनी बजावलं. पंगतीला भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा होता. जयमालावहिनी थकलेल्या होत्या, जावा त्यांना बसा म्हणत होत्या, पण त्या स्वतः वाढायला उठल्या. सगळ्यांना वाढत वाढत त्या नंदकिशोरांच्या ताटापुढे आल्या. अर्धी भाकरी वाढली, वर तूप घातलं.

"सावकाश जेवा," त्या म्हणाल्या. "वाटेत तुम्हाला पुन्हा थांबावं लागेल."

नंदकिशोरांनी मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि तो तोंडापर्यंत नेता येईना म्हणून हातात धरून बसून राहिले. शेजारी बसलेल्या वैजयंतीने त्यांच्या ताटातली भाकरी हळूच आपल्या ताटात घेतली, वहिनींना ताटात टाकलेलं दिसू नये म्हणून.

निघताना जयमालावहिनी गाडीपर्यंत आल्या नाहीत. वैजयंतीला त्या आत भेटल्या होत्या. नंदकिशोरांनी उंबऱ्यापाशी वाकून नमस्कार केला, वयाने त्या लहान होत्या तरी. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

गाडी उन्हाळ्यात विकली. गिऱ्हाईक ऐरोलीतलंच होतं, आयटी पार्कमध्ये नोकरी करणारं तरुण जोडपं. गाडी इतकी कमी चाललेली बघून त्यांना नवल वाटलं; का विकताय, असं मुलीने दोनदा विचारलं. वैजयंतीने सांगितलं की आता आमचं कुठे जाणं होत नाही. काटकरांच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. त्यांचं दार दिवसभर बंद असतं. नंदकिशोर आता लिफ्ट वापरत नाहीत. गुडघे दुखतात, डॉक्टर रागावतात, वैजयंती सांगून दमली, तरी ते जिन्यानेच चढतात आणि मजल्या-मजल्यावर थांबून श्वास घेतात.